एका पार्टीचं एकच नाव : टॅली आणि एक्सेलमधल्या नोंदी एकसारख्या कशा ठेवायच्या

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याचा व्यापार करणाऱ्या एका पेढीचे हिशेब मी काही वर्षं लिहीत होते. एका मार्चमध्ये येणे बाकीची यादी काढली आणि मालकांनी त्यातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन केला. यादीत त्यांच्या नावावर ८४ हजार दिसत होते. त्या गृहस्थांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बँकेचं स्टेटमेंट घेऊन स्वतः पेढीवर आले. पैसे जानेवारीतच जमा झाले होते. आम्ही ती जमा त्यांच्याच दुसऱ्या लेजरला, म्हणजे खात्याला, टाकली होती. एका लेजरमध्ये नावातले पहिले दोन शब्द जोडलेले, दुसऱ्यात सुटे, एवढाच फरक. मालकांनी माफी मागितली, चहा झाला, पण त्या गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो. वीस वर्षांच्या व्यवहारात त्यांना पहिल्यांदाच कुणी पैसे मागायला फोन केला होता.

त्या दिवसापासून नोंदीतलं टिंब, जागा, स्पेलिंग या गोष्टी मी दिखाऊ मानणं सोडलं. माणसाला 'तेच ते' लगेच कळतं, सॉफ्टवेअरला कळत नाही. अक्षर वेगळं म्हणजे पार्टी (गिऱ्हाईक किंवा पुरवठादार) वेगळी, एवढंच त्याला ठाऊक. मग एकाच माणसाची तीन लेजर होतात, आणि प्रत्येकात थोडा थोडा हिशेब साठतो.

याचा फटका वसुलीपुरता राहत नाही. ठेकेदाराला एका वेळी ३० हजारांच्या वर किंवा वर्षभरात मिळून १ लाखाच्या वर रक्कम दिली, तर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापावा लागतो. हमाली किंवा वाहतुकीचा ठेकेदार दोन लेजरमध्ये वाटला गेला आणि दोन्हीकडे ६०-६० हजार दिसले, तर वर्षभर कुणाच्याच लक्षात येत नाही. उधारीची मर्यादा ५ लाख ठेवली असेल, तर दोन लेजरवर ती आपोआप १० लाख होते. आणि पुरवठादाराच्या बिलाचा नंबर त्याने एका पद्धतीने भरला, आपण दुसऱ्या, तर जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, जुळवताना दर महिन्याला तीच माणसं तीच बिलं शोधत बसतात.

खाली जी पद्धत देते आहे ती दहा-पंधरा जणांच्या पेढीला, दुकानाला, छोट्या कारखान्याला पुरेल. उदाहरणं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची आणि एक्सेलची आहेत, पण सॉफ्टवेअर कुठलंही असलं तरी नियम तेच.

पायरी १ : बॅकअप, यादी आणि पेन्सिल

पहिलं काम बॅकअपचं. कंपनीच्या डेटाची पूर्ण प्रत पेनड्राइव्हवर घ्या, तिच्यावर तारीख लिहा आणि ती मालकांच्या कपाटात ठेवा. साफसफाई करताना चूक होतेच, तेव्हा परतायला जागा हवी.

मग सगळ्या पार्ट्यांची यादी एक्सेलमध्ये काढा: नाव, गट, पत्ता, राज्य, पिनकोड, जीएसटी नंबर, पॅन, मोबाइल. अक्षरानुक्रमे लावून ती कागदावर छापा. हो, कागदावरच. पडद्यावर एका वेळी तीस-चाळीस ओळी दिसतात, कागदावर चार पानं शेजारी मांडता येतात. जिथे दोन नावं एकाच माणसाची वाटतात तिथे पेन्सिलने कंस करा. या कामाला पेढीतला सर्वांत जुना माणूस सोबत घ्या. तासगावचे आणि विट्याचे हे दोघं भाऊ की एकच दुकान, हे दिवाणजींना माहीत असतं, एक्सेलला नाही.

अजून काही दुरुस्त करायचं नाही. आधी नियम ठरू द्या.

पायरी २ : नाव माणसासाठी, ओळख नंबराने

नावावरून पार्टी ओळखायची ही मूळ चूक आहे. गणेश ट्रेडर्स नावाची दुकानं महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाजारपेठेत सापडतील. म्हणून प्रत्येक पार्टीला एक ओळखनंबर ठरवायचा. नोंदणीकृत व्यापाऱ्यासाठी जीएसटी नंबर आणि ज्याच्याकडे तो नाही त्याच्यासाठी मोबाइल नंबर.

जीएसटी नंबर १५ जागांचा असतो आणि त्यातली प्रत्येक जागा बोलते. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९, गुजरात २४. पुढच्या दहा जागा म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. तेरावी जागा त्या पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी आहे ते सांगते, चौदाव्या जागी सहसा झेड असतो आणि पंधरावी जागा पडताळणीची. ती आधीच्या चौदा जागांवरून गणिताने निघते.

हे पाठ करून ठेवलं तर टायपिंगच्या चुका नजरेनेच पकडता येतात. सर्वांत जास्त घोटाळा शून्य आणि इंग्रजी ओ या अक्षरात होतो, त्याखालोखाल एक आणि आय यांच्यात. पण जागा ठरलेल्या आहेत. तिसऱ्या ते सातव्या जागी फक्त अक्षरं येतात, आठव्या ते अकराव्या जागी फक्त आकडे आणि बाराव्या जागी पुन्हा अक्षर. सहाव्या जागी, म्हणजे पॅनच्या चौथ्या अक्षरात, मालकीचा प्रकार कळतो: व्यक्तीसाठी पी, भागीदारी संस्थेसाठी एफ, कंपनीसाठी सी, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी एच. बिलावर प्रायव्हेट लिमिटेड छापलंय आणि पॅनचं चौथं अक्षर पी आहे, तर थांबा आणि पार्टीला फोन करा.

एक बारकावा सांगते. एकाच व्यापाऱ्याची सांगलीत आणि बेळगावात नोंदणी असेल, तर पॅन एक पण जीएसटी नंबर दोन. अशा वेळी दोन लेजर ठेवणं बरोबरच आहे, फक्त नावाच्या शेवटी शहर लावा आणि टीडीएस मोजताना दोन्हींची बेरीज पॅनवरून करा.

नंबर टाकल्यावर पहिल्या दोन आकड्यांशी 'राज्य' हा रकाना जुळतोय का ते पाहा. आमच्या भागातून मालाच्या गाड्या रोज कर्नाटकात जातात. २९ नंबरच्या पार्टीच्या मास्टरमध्ये (कायमच्या माहितीच्या नोंदीत) राज्य महाराष्ट्र राहिलं, तर बिलावर परराज्यातल्या विक्रीच्या आयजीएसटीऐवजी राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लागतो आणि ते निस्तरण्यात पुढचा महिना जातो.

पायरी ३ : नाव लिहिण्याचे नियम

आता नाव. ते कुणाच्या तोंडून ऐकून किंवा व्हिजिटिंग कार्डावरून टाइप करायचं नाही. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव दोन्ही दिसतात. त्यातलं व्यापारी नाव घ्यायचं आणि स्पेलिंग तिथलंच ठेवायचं. इथे हट्ट करावाच लागतो, कारण मराठी नावं इंग्रजीत लिहायची म्हटली की प्रत्येकाचा हात वेगळा वळतो. लक्ष्मी कुणी एक्सने लिहितो, कुणी के-एस-एचने. श्री कुणी एका आयने, कुणी दोन ईने. भोसले, जाधव, चव्हाण यांची तर तीन-तीन स्पेलिंगं होतात. बरोबर कोणतं यावर पेढीत वाद घालण्यात अर्थ नाही. त्या माणसाने नोंदणीत जे लिहिलंय ते त्याच्यासाठी बरोबर.

बाकीचे नियम मी असे ठेवते. सगळी नावं कॅपिटल अक्षरांत. दिसायला थोडी जड वाटतात, पण 'पहिलं अक्षर मोठं, बाकी लहान' हा नियम पाळायला गेलं, तर एमआयडीसीसारख्या लघुरूपांवर रोज अडायला होतं. सुरुवातीचं 'मेसर्स' काढून टाकायचं, नाहीतर अर्धी यादी एम या अक्षराखाली जमा होते. टिंबं कुठेच नाहीत. 'अँड' शब्दात लिहायचं की त्याचं चिन्ह वापरायचं, यातलं एक कायमचं ठरवायचं. प्रायव्हेट लिमिटेड एकतर पूर्ण लिहा, नाहीतर सगळीकडे छोटं. नावाच्या आधी, नंतर किंवा शब्दांच्या मध्ये जास्तीची जागा नको.

व्यक्तीच्या नावात क्रम ठरवा. शाळेच्या दाखल्यापासून आपल्याला आडनाव आधी लिहायची सवय आहे, पॅन कार्डावर मात्र सहसा आडनाव शेवटी असतं. शेतकऱ्यांची खाती असतील तर आडनाव, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव हा क्रम यादीत शोधायला सोपा जातो. एकाच गावात एकाच आडनावाची पन्नास खाती असतात, म्हणून मधलं नाव सोडू नका.

मग लोकांच्या तोंडी असलेल्या नावांचं काय? काउंटरवरचा मुलगा 'बेदाणेवाले काका' किंवा 'विटा जुने' असंच शोधणार. त्यासाठी टॅलीत टोपणनावाची सोय आहे, तिला तिथे अलियस म्हणतात. मूळ नाव नियमाप्रमाणे ठेवा आणि तोंडातलं नाव अलियसमध्ये टाका. दोन्हीने शोधता येतं, लेजर मात्र एकच राहतं. ही एक गोष्ट केली की नवी दुबार खाती उघडण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, असा माझा अनुभव आहे.

पायरी ४ : पत्ता तोडून लिहा

पत्ता एका लांब ओळीत लिहिला की तो पुन्हा कशालाच कामी येत नाही. गाव, तालुका, जिल्हा, राज्य, पिनकोड हे वेगळे रकाने ठेवा. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द हा कायमचा प्रश्न आहे. कुणी 'बु.' लिहितं, कुणी 'बुद्रुक', कुणी काहीच नाही, आणि माल शेजारच्या खुर्दात जातो. पूर्ण शब्द लिहा. कवठे महांकाळसारखी दोन शब्दांची नावं जोडायची की सुटी ठेवायची, तेही यादीत एकदा लिहून टाका.

नावं बदललेल्या शहरांसाठी स्वतंत्र तक्ता करा: एका बाजूला जुनं नाव, दुसऱ्या बाजूला नवं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये. जुन्या बिलांवर जुनं नाव राहणारच, मास्टरमध्ये मात्र एकच नाव चालू ठेवा. नाहीतर जिल्हावार विक्री काढताना एक जिल्हा दोन ठिकाणी दिसतो.

पिनकोड सहा आकडी आणि मध्ये जागा नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही व्यवस्था श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच कोकणातल्या माणसाने आखली. ते संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी. एकसारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या भाषा आणि न वाचता येणारं हस्ताक्षर या अडचणींवर त्यांनी सहा आकड्यांचं उत्तर शोधलं. आपण नावाऐवजी नंबराने ओळख ठेवतो त्यामागचा विचार हाच. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिनकोड ४ ने सुरू होतात, तेव्हा राज्य महाराष्ट्र आणि पिनकोड ५ ने सुरू होणारा दिसला तर नोंद तपासा. पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवरून जिल्हा ठरवायला मात्र जाऊ नका. सांगली, कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग तिन्हीकडे ४१६ चालतो.

मोबाइल नंबर दहा आकडी. आधी शून्य नाही, देशाचा ९१ नाही, मध्ये जागा किंवा रेघ नाही. दोन नंबर असतील तर दोन रकाने करा. एकाच रकान्यात तिरपी रेघ मारून दोन नंबर लिहिले की मेसेज एकालाही जात नाही.

पायरी ५ : मालाची नावं आणि एक्सेलची मदत

मालाच्या नावात क्रम महत्त्वाचा. आधी वस्तू, मग जात, मग प्रत, मग पॅकिंग. म्हणजे 'हळद राजापुरी हळकुंड ५० किलो', 'बेदाणा हिरवा १५ किलो पेटी'. कुणी 'राजापुरी हळद' लिहिलं, कुणी 'हळद राजापुरी', तर साठ्याच्या यादीत एकच माल दोन टोकांना जातो. एकीकडे साठा उणे दिसतो आणि दुसरीकडे पडून राहिलेला.

एककाचं तेच. किलो, केजी, केजीएस, टिंबासह केजी, ही चार एककं मी एकाच कंपनीत पाहिली आहेत. जीएसटीच्या विवरणात एककांचे ठरलेले तीन अक्षरी कोड आहेत: किलोसाठी के-जी-एस, क्विंटलसाठी क्यू-टी-एल, पोत्यासाठी बी-ए-जी, नगासाठी एन-ओ-एस. टॅलीत एकक तयार करतानाच हा कोड जोडता येतो. पोतं आणि पेटी ही एककं ठेवायची असतील तर वजन नावात लिहा, कारण पोतं सगळीकडे सारखं नसतं.

आता एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा ठरलेला कोड. हळदीचा सहा आकडी कोड ०९१०३०, बेदाण्याचा ०८०६२०. दोन्ही शून्याने सुरू होतात आणि आमच्या भागाचा निम्मा व्यापार याच दोन मालांचा. एक्सेलमध्ये हा कोड साध्या सेलमध्ये टाइप केला की पुढचं शून्य गळतं आणि ९१०३० उरतं. पाच आकडी. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर बिलावर सहा आकडे लागतात, त्याच्या आत चार. शून्य गळलेला कोड दोन्हींत बसत नाही. म्हणून कोड टाकण्याआधी तो अख्खा कॉलम 'टेक्स्ट' करून घ्या. आधी टाइप करून मग टेक्स्ट केलं तर गेलेलं शून्य परत येत नाही.

बँक खात्याचा नंबरही असाच. एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच अचूक राहतं. १६ आकडी खाते क्रमांक साध्या सेलमध्ये टाकला तर शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो. पैसे भलत्या खात्यात जायला एवढं पुरेसं आहे. आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, अकरा जागांचा असतो: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचव्या जागी कायम शून्य, पुढच्या सहा जागा शाखेच्या. पाचव्या जागी इंग्रजी ओ टाइप झालेला मी अनेकदा दुरुस्त केला आहे.

हार्डवेअरच्या दुकानदारांनी आणखी एक गोष्ट जपावी. तिथे मापं ३/८, १/२, ३/४ इंच अशी असतात. एक्सेलमध्ये ३/८ टाइप करून एंटर मारलं की त्याची ३ ऑगस्ट होते. अर्धा इंची पाइपाची १ फेब्रुवारी होते. हे आपल्याच दुकानात होतं असं समजू नका. मानवी जनुकांची काही नावं एक्सेल तारखांमध्ये बदलत असे, म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी शेवटी त्या जनुकांची नावंच बदलली. आपण मापाचा कॉलम टेक्स्ट ठेवावा, किंवा मापाच्या आधी 'साइज' असा शब्द लावावा.

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल आली की तिच्यावर दोनदा क्लिक करून उघडू नका. तशी उघडली की शून्य गळणं, तारखा बदलणं, सगळं त्याच क्षणी होऊन जातं. कोरं एक्सेल उघडा, 'डेटा' टॅबवरून फाइल आत घ्या आणि नंबरांचे कॉलम टेक्स्ट म्हणून निवडा.

पायरी ६ : तारखा आणि बिल नंबर

तारखेचा धोका असा की चूक दिसत नाही. संगणकाची मांडणी अमेरिकन राहिली असेल, तर ०५/०४/२०२५ ही आपली ५ एप्रिल तो ४ मे म्हणून वाचतो. १३/०४/२०२५ त्याला वाचताच येत नाही, कारण तेरावा महिना नाही, म्हणून ती नुसता मजकूर म्हणून पडून राहते. म्हणजे अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्ध्या तारखाच नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. कॉलममध्ये दोन्ही प्रकार दिसले की फाइल बंद करा आणि मूळ फाइल नव्याने आत घ्या. त्या वेळी 'टेक्स्ट टू कॉलम्स'च्या तिसऱ्या पायरीवर दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडा. दाखवताना महिना अक्षरांत दाखवा, म्हणजे वाचणाऱ्याला शंका राहत नाही.

आपल्या बिलाचा नंबर नियमानुसार जास्तीत जास्त १६ जागांचा, त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरपी रेघ एवढंच चालतं. मी दोन अक्षरं, वर्षाचे चार आकडे आणि चार आकडी अनुक्रम, मध्ये दोन तिरप्या रेघा अशी रचना करते. एकूण १२ जागा. अक्षरं कॅपिटलच ठेवा, ई-इनव्हॉइसचं पोर्टल १ जून २०२५ पासून नंबर कॅपिटल करूनच घेतं.

पुरवठादाराचा नंबर मात्र त्याच्या बिलावर जसा छापलाय तसाच्या तसा. 'शेवटचे तीन आकडे पुरेत' म्हणून काटछाट करू नका. जुळवणीत अडचण आलीच, तर शेजारच्या रकान्यात रेघा आणि पुढची शून्यं काढलेला नंबर तयार करून तो ताडून पाहा. वहीतला नंबर हलवायचा नाही.

पायरी ७ : एक्सेलमध्ये धुलाई

नियम ठरले, आता यादी साफ करायची. मूळ कॉलमला हात न लावता शेजारी नवा कॉलम घ्या आणि सूत्रं तिथे लिहा. क्रम महत्त्वाचा आहे. ट्रिम हे सूत्र पुढच्या-मागच्या जागा काढतं आणि मधल्या जास्तीच्या जागांची एक करतं. पण वेबपेजवरून किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या नावात एक वेगळीच जागा असते, तिचा क्रमांक १६०. ती साध्या जागेसारखीच दिसते आणि ट्रिमला सापडत नाही. म्हणून आधी सबस्टिट्यूट वापरून कॅर १६० च्या ठिकाणी साधी जागा आणायची, मग न दिसणारी चिन्हं काढणारं क्लीन, मग ट्रिम आणि शेवटी सगळी अक्षरं कॅपिटल करणारं अप्पर. निकाल बरोबर वाटला की कॉपी करून 'व्हॅल्यूज' म्हणून चिकटवा.

शंका आली की लेन हे सूत्र लावा. ते सेलमध्ये किती अक्षरं आहेत ते सांगतं. एकदा एक सहकारी माझ्याकडे आली, म्हणाली, "ताई, दोन्ही नावं अगदी सारखी आहेत, तरी व्हीलूकअप (दुसऱ्या यादीतून माहिती शोधणारं सूत्र) लागत नाही." आम्ही लेन लावलं. एकाला १८ आलं, दुसऱ्याला १९. शेवटी न दिसणारी एक जागा होती.

प्रॉपर हे सूत्र मी टाळते. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करताना ते एमआयडीसीची शेवटची तीन अक्षरंही लहान करून टाकतं.

दुबार शोधण्यासाठी आणखी एक तात्पुरता कॉलम करा: नावातल्या सगळ्या जागा, टिंबं, स्वल्पविराम, मेसर्स, लिमिटेड काढून उरलेली अक्षरं एकसलग. त्यावर 'कंडिशनल फॉरमॅटिंग'मधून डुप्लिकेट रंगवा. मग जीएसटी नंबरच्या कॉलमवर तेच करा, मग मोबाइलवर. तीन वेळा रंगवल्यावर जे सापडतं ते पेन्सिलच्या खुणांशी ताडून पाहा. 'रिमूव्ह डुप्लिकेट्स'चं बटन दाबू नका. ते न विचारता ओळी उडवतं आणि त्या ओळीतला मोबाइल नंबर कदाचित दुसरीकडे कुठेच नसतो.

मराठीत नोंदी असतील तर

शेतकऱ्यांची खाती, पतसंस्था, सोसायट्या यांच्या नोंदी मराठीत असतात आणि तिथे वेगळीच अडचण आहे. 'ॲग्रो' हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात 'ॲ' हे एकच अक्षर असतं, दुसऱ्यात आधी 'अ' आणि मग वरचा चंद्र. पडद्यावर दोन्ही सारखे. लेन लावलं तर एकाला ५, दुसऱ्याला ६. 'ऱ्या'चंही तसंच. कुणाचा कीबोर्ड 'ऱ'ने ते जोडतो, कुणाचा साध्या 'र'ला पाय मोडून मध्ये एक न दिसणारा जोडणारा घालून. 'शेतकऱ्यांचे खाते' शोधलं आणि सापडलं नाही, तर कारण बहुधा हेच. उपाय एकच: पेढीतल्या सगळ्या संगणकांवर एकच मराठी कीबोर्ड बसवा, इन्स्क्रिप्ट असेल तर सगळीकडे इन्स्क्रिप्ट. आणि जुन्या नोंदींत ही दोन रूपं सबस्टिट्यूटने एकसारखी करून घ्या.

युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत केलेल्या याद्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्या फॉन्टशिवाय त्या नुसत्या इंग्रजी अक्षरांचा ढीग आहेत. रूपांतर केल्यावर रफार आणि वेलांट्या एकेक ओळ वाचून तपासा. आकडे मात्र रकमेच्या आणि नंबराच्या रकान्यात इंग्रजीच ठेवा, म्हणजे बेरीज आणि शोध बिनचूक चालतात.

पायरी ८ : दोन लेजरचं एक करणं

टॅलीत ज्या लेजरला नोंदी आहेत ते डिलीट होत नाही आणि ते बरंच आहे. चालू वर्षातल्या दहा-बारा नोंदी असतील तर त्या उघडून पार्टीचं नाव बदला. नोंदी शेकड्याने असतील, तर जर्नल (एका खात्यातून दुसऱ्यात वळवायची नोंद) करून शिल्लक योग्य लेजरला वळवा. बिलवार हिशेब असेल तर एकरकमी वळवू नका. जुन्या लेजरमध्ये प्रत्येक बिल 'अगेन्स्ट रेफरन्स'ने मिटवा आणि नव्यात तोच बिल नंबर 'न्यू रेफरन्स'ने उभा करा. बिलाचं वय नव्याने मोजलं जाऊ शकतं, म्हणून मूळ तारीख नरेशनमध्ये, म्हणजे नोंदीखालच्या शेऱ्यात, लिहा. रिकाम्या झालेल्या लेजरच्या नावाच्या सुरुवातीला दोन झेड लावा, म्हणजे ते यादीच्या तळाशी जातं आणि चुकून निवडलं जात नाही.

लेखापरीक्षण झालेल्या वर्षातल्या नोंदींना हात लावू नका. विवरणपत्र भरलेल्या महिन्यांबद्दल सीएंना विचारून मगच पुढे जा. हे काम १ एप्रिलला करायला सर्वांत सोपं जातं.

पायरी ९ : पुन्हा घाण होऊ नये म्हणून

नवं मास्टर तयार करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे द्या, ती रजेवर असेल तेव्हा दुसऱ्या एकीकडे. टॅलीत वापरकर्त्यांचे अधिकार ठरवता येतात, तिथे बाकीच्यांचा हा अधिकार काढा. काउंटरवर नवी पार्टी आली तर कागदावर छोटा फॉर्म भरून घ्या: नाव, जीएसटी नंबर, मोबाइल, गाव, पिनकोड. गर्दीच्या वेळी लोक कुरकुर करतात. माझ्याही मालकांनी सुरुवातीला केली, पण दोन महिन्यांत येणे बाकीच्या यादीची तीन पानं कमी झाली तेव्हा थांबली.

एक्सेलच्या फॉर्ममध्ये 'डेटा व्हॅलिडेशन' लावा. जीएसटी नंबर नेमका १५ जागांचा, पिनकोड सहा, राज्य आणि एकक यादीतूनच निवडायचं. एक पळवाट लक्षात ठेवा: व्हॅलिडेशन टाइप केलेलं अडवतं, दुसरीकडून आणून चिकटवलेलं अडवत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा त्याच मेनूतलं 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' चालवा, नियमात न बसणाऱ्या सेलभोवती लाल गोल येतात.

दर महिन्याच्या १० तारखेला आधीच्या महिन्यात उघडलेल्या नव्या लेजरची यादी काढून मी जुन्या यादीशी ताडते. १४ तारखेला जीएसटीआर-२बी येतं, त्याच्या आत हे झालेलं बरं. पंधरा मिनिटांचं काम आहे.

आणि सगळे नियम एका पानावर लिहून संगणकाशेजारी चिकटवा, प्रत्येक नियमासमोर एक बरोबर आणि एक चूक उदाहरण देऊन. नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला लागली की मी पहिल्या दिवशी टॅलीला हात लावू देत नाही. वीस जुनी बिलं देते आणि कोऱ्या एक्सेलमध्ये नियमाप्रमाणे उतरवायला सांगते. दुपारी आम्ही दोघं शेजारी बसून एकेक ओळ बिलाशी ताडतो, आणि जिथे नियम अपुरा पडला तिथे त्याच पानावर पेनाने नवी ओळ लिहितो.